कुंताबाईचं नाक आणि मी

मी निळीचा रांजण बोलतोय. वर्ध्याजवळच्या आंजी मोठीला, कुंताबाई रंगारी हिच्या घरामागे, गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेला. वर दिसतं ते फक्त माझं तोंड. तोंड मोठं आहे आणि त्याला वास येतो, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कुरकुर नको.

जन्म माझा तळेगावचा, श्यामजी पंतांच्या तळेगावचा. तिथल्या कुंभाराने एकाच आव्यात आम्हा भावंडांना भाजलं. बाकीचे पाण्याचे रांजण झाले. त्यांना गार वाळूची बैठक मिळाली, ओल्या फडक्याची शाल मिळाली. मी अंगाने जाड निघालो. कुंभाराने बोटाने टकटक केली, कान लावला आणि म्हणाला, "हा पान्याचा नाई. याले कामाले लावा." आंजीचे बापूजी रंगारी तेव्हा तिथेच उभे होते. त्यांनी मला बंडीत कुटाराच्या, म्हणजे भुशाच्या गादीवर बसवलं आणि वाटभर एक हात माझ्या खांद्यावर ठेवला. तसा हात पुढे कुणी ठेवला नाही, कारण पुढे मला खांदाच राहिला नाही. तो जमिनीत गेला.

माझं काम सांगतो. नीळ म्हणजे एका झुडपाच्या पानांतून काढलेली वडी. ती वाटून माझ्या पोटात घालायची, सोबत चुना, थोडा गूळ आणि उकळलेलं तरोट्याचं बी. तरोटा आमच्याकडे बांधावर, रस्त्याच्या कडेला नुसता माजतो. कोवळ्या पाल्याची भाजी लोक खातात, बी माझ्या वाट्याला येतं. मग मी आंबतो. आंबलो की पाण्यावर तांब्यासारखी चमक येते आणि मधोमध निळा फेस धरतो. रंगारी त्याला फूल म्हणतात. त्यात पांढरं कापड बुडवून बाहेर काढलं की ते पिवळट हिरवं निघतं. नवखा माणूस म्हणतो, फसलं. तेवढ्यात त्याला वारा लागतो आणि डोळ्यांदेखत ते निळं होत जातं. पोराला शहराचा वारा लागला की बिघडलं म्हणतात. कापडाला वारा लागला की सुधारतं.

आता वासाचं. देवाने मला वाचा दिली नाही. चुना कमी पडला, भूक लागली, उन्हाने पोट बिघडलं, जे काय सांगायचं ते मी वासानेच सांगतो. रंगारी माणूस सकाळी उठला की तोंड धुवायच्या आधी माझ्यावर वाकतो आणि नाकाने ऐकतो. डोळ्यांना कळेपर्यंत उशीर झालेला असतो. बापूजींची बायको रुख्माबाई, तिचं एक ठरलेलं वाक्य होतं. शेजारणी नाक मुरडायला लागल्या की ती म्हणायची, "घान हाय तं जान हाय."

काय दिवस होते ते! आसपासच्या गावांचे विणकर सूत घेऊन यायचे. कुणब्यांच्या बायकांची लुगडी यायची. काळीभोर दिसणारी चंद्रकळासुद्धा माझ्यातच पुन्हा पुन्हा बुडून तेवढी गडद व्हायची. माणसांची एक गंमत मी तेव्हाच पाहिली. जे कापड बापूजींच्या हातांनी बुडवलं, पिळलं, झटकलं, ते अंगावर घ्यायला गावाला विटाळ नव्हता. विटाळ फक्त त्या हातांचा होता. त्यामुळे पलीकडच्या आळीची माणसं अंगणाबाहेर उभी राहून हाका मारायची, आणि कापड कुंपणावरून उचलायची. बापूजी हाकेला निमूट ओ द्यायचे. मी मात्र त्या दिवशी जरा जास्तच वास सोडायचो.

मग दीक्षेचं वर्ष आलं. आमची आळी नागपूरला निघायची होती आणि जायचं होतं पांढऱ्या कपड्यांत. घरोघरी एकच धांदल, पांढरं लुगडं, पांढरं धोतर. इकडे मी रिकामा. इतकी वर्षं सगळ्या आळीला निळं करत आलो आणि आता निळं कुणालाच नको, म्हणून मी रुसून बसलो होतो, खोटं कशाला बोलू. तेव्हा रुख्माबाईने माझ्यासाठी ठेवलेली नीळ काढली. माझ्या तोंडचा घास! ती फडक्यात बांधून तिने शेवटच्या स्वच्छ पाण्यात नुसती फिरवली आणि आळीतली सगळी जुनी, पिवळी पडलेली धुणी त्या पाण्यातून काढली. धोब्याची युक्ती आहे ती. इवलीशी नीळ पांढऱ्याला उजळ करते. दोरीवर ती लुगडी वाळत घातली तेव्हा डोळे दिपत होते. मग एका पहाटे सगळे निघाले. रुख्माबाई जाताना माझं झाकण नीट लावून गेली आणि म्हणाली, "तू बी चालला बरं आमच्यासंगं."

परत आले ते ताठ मानेने आले. अंगणाबाहेरून येणाऱ्या हाकांना बापूजींनी त्यानंतर ओ दिली नाही. "आत या," एवढंच म्हणायचे. काही आले, काही आलेच नाहीत. आणि पुढल्या जयंतीला, चौदा एप्रिलला, विहारावर जो निळा झेंडा चढला तो माझ्यातून निघाला होता. तेव्हापासून दर जयंतीचा झेंडा माझाच. हातमागाचं सुती कापड, माझा रंग. त्याचा मला किती गर्व आहे, ते विचारू नका.

बापूजी गेले, रुख्माबाई गेली. बाजारात पुडीचे रंग आले, पातेल्यात उकळलं की झालं काम, ना आंबणं ना वाट पाहणं. गिरणीचं कापड घरोघरी आलं. त्यांचा मुलगा पुंडलिकराव वांगी-मिरच्या पिकवून वर्ध्याच्या बाजारात नेऊ लागला. माझ्याजवळ उरली ती त्याची बायको कुंताबाई.

आमच्या घरची एक रीत आहे. नवी सून उंबरा ओलांडून आली की तिचा डावा हात मनगटापर्यंत माझ्यात बुडवायचा. कुंताबाईने हात घातला तो बाहेर काढायलाच तयार नव्हती. आत बोटं फिरवत सासूला म्हणाली, "गरम हाय वं मामी, जित्या जनावरावानी." रुख्माबाईने तिथेच ओळखलं की माझी सोय झाली.

कुंताबाईने मला जपलं. कामं कमी झाली तरी चुलीतला विस्तव राखावा तसं मला थोडं थोडं खाऊ घालत जिवंत ठेवलं. तिची नखं कायमची निळी झाली. चुन्याने बोटांच्या रेषा खाल्ल्या. आता रेशनच्या दुकानात यंत्रावर तिचा अंगठा उठत नाही. दुकानदार म्हणतो पुसून लावा, ती पदराने पुसून पुन्हा लावते, यंत्र म्हणतं ही बाई नाहीच. ती हसते. मधे खादीवाले विचारत आले, जुन्या पद्धतीची नीळ हवी म्हणाले, तेव्हा नीळ दक्षिणेकडून पार्सलने मागवून ती त्यांना सूत रंगवून देऊ लागली. आणि जयंतीचा झेंडा होताच.

तिचा मुलगा आदेश वर्ध्याला नोकरीला. त्याची बायको जया, गिरडकडची. तिचाही हात रीतीप्रमाणे माझ्यात बुडवला. तिने बुडवला, काढला आणि बाभळीखाली जाऊन ओकली. तेव्हापासून माझ्याजवळून जाताना तिचा पदर नाकावर. पण गप्प जाईल तर ती जया कसली! रोज नवं नाव ठेवायची. आज म्हणे शिळ्या ताकावानी, उद्या म्हणे गोठ्यातल्या नालीवानी. "आई, काल तरी बरा होता तुमचा रांजण, आज त लय आंबूस घान मारून राह्यला." मला राग यायचा, पण एक गोष्ट मान्य करतो. ती जे सांगायची ते बरोबर असायचं.

मग ती मोठी साथ आली. कुंताबाई तापाने फणफणली, पण निभावली. उठून हिंडू लागली तशी नेहमीप्रमाणे सकाळी माझ्यावर वाकली. मी आनंदाने जेवढं होतं नव्हतं तेवढं सांगितलं. ती वाकूनच राहिली. पूर्वी तिच्या नाकपुड्या फुलायच्या, कपाळाला आठी पडायची, मग ती हसायची नाहीतर चुन्याच्या डब्याकडे हात न्यायची. त्या दिवशी चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही. तिने बोट बुडवून जिभेला लावलं. तिथेही तेच. तिचं नाक गेलं होतं.

रंगाऱ्याच्या घरात नाक गेलं म्हणजे दोन्ही अर्थांनी गेलं. तिने कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर आदेश म्हणाला असता, आई, आता पुरे, बुजवून टाकू. तो आईच्या काळजीनेच म्हणाला असता, पण मी बुजलो असतो ना!

कुंताबाई हुशार. दुसऱ्या दिवशी जया बादली घेऊन मिरच्यांकडे निघाली तशी हिने सहज विचारल्यासारखं केलं, "काऊन वं, आज एवढं नाक काऊन दाबलं?" झालं. जयाने तोंड सोडलं. "दाबू नाई त काय करू? मुतारीवानी वास येऊन राह्यला!" कुंताबाईने ऐकलं, मान डोलावली आणि जया वळताच चुना हाताखाली ओढला. बरोबर! मला चुनाच हवा होता. त्या दिवसापासून हा रोजचा खेळ झाला. सासू डिवचायची, सून शिव्या घालायची, आणि त्या शिव्यांवर मी जगायचो. जयाला वाटायचं, म्हातारी मुद्दाम मजा घेते. दोन उन्हाळे आम्ही असे काढले आणि कुणाला पत्ता लागला नाही.

घोटाळा झाला तो जयाच्या चांगुलपणामुळे.

यंदा मार्चमध्ये एका संध्याकाळी शेजारची छाया कुंपणापाशी गप्पा मारायला आली होती. कुंताबाई तिला म्हणाली, "माह्या मागं कोन पाहीन याले? सुनेले त वास सहन होत नाई. तिचं बी काय चुकते म्हना." जया आत भाकरी थापत होती. तिच्या कानावर ते पडलं आणि तिला फार लागलं. आपण इतकी वर्षं त्या म्हातारीच्या जिवाच्या गोष्टीला नावं ठेवत आलो, असं तिला वाटलं. तिने मनाशी ठरवून टाकलं की आता ब्र काढायचा नाही.

सकाळी कुंताबाईने नेहमीसारखं विचारलं, "काय वं, कसा वास येते आज?"

जयाने पदर नाकावरून खाली घेतला, श्वास रोखला आणि हसून म्हणाली, "वास? कायी नाई, आई. बिलकुल वास नाई येत."

कुंताबाईचा चेहरा मी विसरणार नाही. वास नाही म्हणजे जान नाही. रुख्माबाईची म्हण जयानेही ऐकली होती, पण ती आपलं तोंड बंद करायला सासूने काढलेली युक्ती आहे, असं ती समजायची. मी ओरडून सांगत होतो की मी ठणठणीत आहे, माझं पोट भरलंय, मला काही नको. पण माझं ओरडणं ज्या नाकाला कळायचं ते नाक नव्हतं, आणि ज्या नाकाला कळत होतं ते प्रेमाने खोटं बोलत होतं.

रांजण विझतोय असं समजून कुंताबाईने तरोट्याचं बी उकळून ओतलं, वर गूळ घातला. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं. "कायीच नाई, आई. उलट बरं वाट्टे." पुन्हा तरोटा, पुन्हा गूळ. त्यात मार्चचं ऊन. भरल्या पोटी पंगतीला बसवावं तशी माझी गत झाली. मी आंबायचा तो सडायला लागलो. फूल गेलं, चमक गेली. झेंड्याचं कापड धुऊन तयार होतं आणि जयंती तोंडावर आलेली.

शेवटी छायानेच कुंपणावरून आवाज दिला, "कुंताबाई, काय मेलं वं तुमच्या घरामागं?"

जया धावत आली. तोंडाला पदर बांधूनही तिला दोनदा थांबावं लागलं. आणि पाहते तर कुंताबाई माझ्यावर वाकलेली, नाक माझ्या पाण्यापासून वीतभर, शांत बसून कापडाचा तुकडा बुडवून पाहतेय. तुकडा निघाला तो मळक्या राखेच्या रंगाचा. त्या वासात माणूस क्षणभर थांबला नसता. कुंताबाईच्या डोळ्यांची पापणीही हलली नव्हती.

जयाने पदर खाली घेतला. "आई, तुमाले वास नाई येत?"

कुंताबाईने तुकडा पिळून बाजूला ठेवला.

"सांगा ना, आई."

"नाई येत."

"कवापासून?"

"तापातून उठली तवापासून."

जया तिच्या शेजारी बसली. "मंग इतके दिवस रांजण कसा सांभाळला तुम्ही?"

"तू होती ना," कुंताबाई म्हणाली. "तुह्यं नाक लय तेज हाय. तू शिव्या देत जाय, मले समजत जाय."

जया तोंडावर हात घेऊन रडली. "आन् म्या खोटं सांगतलं हो तुमाले! बरं वाटावं म्हनून सांगतलं." कुंताबाईने आपला निळा हात तिच्या डोक्यावर ठेवला. म्हणाली, "मंग रडजो. आधी याचा सांग, कसा येते?"

"काय सांगू, आई. मेलेल्या उंदरावानी."

"चुना आन."

आणि मग सुरू झालं ते. सून नाक, सासू हात. जया माझ्यावर वाकायची आणि स्वयंपाकघरातली, गोठ्यातली, गावातली जी आठवेल ती उपमा द्यायची. कुंताबाई त्यातून माझं दुखणं ओळखायची. नासलेल्या दुधावानी म्हटलं की चुना, हळू. ओल्या पोत्यावानी म्हटलं की झाकून ठेव, हात लावू नको. मध्ये एक सकाळ अशी आली की जया म्हणाली, "आज खरंच कायी येत नाई, आई, शप्पथ," आणि दोघी एकमेकींकडे घाबरून पाहत राहिल्या. तेव्हा मी खरोखरच काठावर होतो. कुंताबाईने अगदी चिमूटभर गूळ टाकला. दोघीही जेवल्या नाहीत त्या दिवशी. आदेश वर्ध्याहून घरी आला तो हातात पॉलिस्टरचा चकचकीत झेंडा घेऊन. "असू दे जवळ," म्हणाला, "वेळेवर पंचाईत नको." त्याने तो खुंटीला अडकवला.

दोन दिवसांनी जया वाकली आणि वाकूनच राहिली.

"काय वं? कसा येते?" कुंताबाईने विचारलं.

"थांबा, आई. सांगते." तिने पुन्हा श्वास घेतला, पोटभर. "पोळ्याच्या दिवशी बैल धुऊन आनते ना, त्याईच्या अंगाले येते, तसा. ओला, गरम. थोडा गोड बी हाय."

कुंताबाईने डोळे मिटले. तिच्या गालांवरून पाणी वाहू लागलं. "तोच," म्हणाली. "तोच वं माय. तोच माह्या रांजनाचा वास." किती दिवसांनी तिने मला ऐकलं होतं! मलाही भरून आलं. माझ्या मधोमध एक छोटंसं फूल धरलं होतं, ते दोघींनी अश्रूंमुळे जरा उशिरानेच पाहिलं.

झेंडा त्याच दिवशी रंगवला. जयाने बुडवला, कुंताबाईने पिळला. पण सडण्यात माझी बरीच नीळ वाया गेली होती. कितीदा बुडवलं तरी दरवर्षीचा गडद रंग चढेना. फिकट, पातळ निळा. जया हिरमुसली. खुंटीवरचा झेंडा तिच्या डोळ्यांत खुपत होता, झगझगीत निळा. "लोकं काय म्हनतीन, आई?" कुंताबाईने ओला झेंडा दोरीवर झटकून घातला. "म्हनू दे. जेवढा जीव होता तेवढा देल्ला त्यानं."

मला कुंपणावरून विहाराच्या काठीचं टोक तेवढं दिसतं. जयंतीच्या सकाळी ढोल वाजू लागले, जय भीमच्या घोषणा झाल्या, आणि मी त्या टोकाकडे डोळे लावून बसलो. घोषणा वाढल्या, टाळ्या झाल्या, पण टोकावर काहीच दिसेना. चकचकीत झेंडाही नाही. मी म्हटलं, संपलं, आपला झेंडा त्यांनी लावलाच नाही, आणि दुसरा लावायचीही लाज वाटली असणार. तेवढ्यात वारा सुटला आणि काठीजवळ आभाळाचा एक तुकडा हलला. माझा होता तो. सकाळच्या आभाळाच्याच रंगाचा, म्हणून मला दिसला नव्हता.

आता वय झालंय माझं. काठाला एक चीर गेली आहे, ती सिमेंटने बुजवली आहे. कुंताबाईचे गुडघे धरतात, ती माझ्यापर्यंत रोज येत नाही. मागच्या दाराशी बाजेवर बसते. झाकण जया काढते. पदर कमरेला खोचलेला असतो, नाक उघडं. कधी आंजीकडे आलात तर मागच्या दारी या, बसा, जया चहा देईल. पण माझी एक विनंती आहे. भिडेखातर म्हणू नका की वास कुठे येतोय. नावं ठेवा मला, मनसोक्त ठेवा. तोंडावर खरं सांगणारं माणूस जवळ असलं की माझ्यासारख्याचा जीव राहतो.

रोज सकाळी जया माझ्यावर वाकते आणि तिथूनच मोठ्याने सांगते, आज असा येते, कालच्यापेक्षा तसा येते. चुना घालून होतो, ढवळून होतं, तरी बाजेवरून आवाज येतो, "आनखी सांग." मग जया आणखी सांगते. परवा सांगता सांगता तिने मध्येच थांबून विचारलं, "आई, येते का हो तुमाले आता थोडा थोडा?"

"नाई," कुंताबाई म्हणाली. "पन तू सांगतं तवा मले वाट्टे, मी माह्या घरी हाय."